चौऱ्याहत्तरावा रेखांश

सुरतेहून भुसावळाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर नवापूरचे स्थानक मागे पडले (ज्याचा एक भाग गुजरातेत आणि दुसरा महाराष्ट्रात असल्यामुळे तेथील उतारूला फलाटावर नुसती फेरी मारूनही राज्यांतर करता येते), की थोड्याच वेळात चिंचपाडा लागते, पुढे खांडबारा आणि मग नंदुरबार. या मार्गावर नवापूर आणि नंदुरबार यांच्या दरम्यान, जेथे कसलीही पाटी नाही, कोणाचा नाका नाही आणि गाडीचा वेगही कमी होत नाही अशा एका जागी, ७४ अंश पूर्व रेखांश लोहमार्गाला छेदून जातो. गाडीतल्या माणसाला त्याची खबर लागण्याचे काहीच कारण नाही. परंतु हाच प्रवास जो मनुष्य घरी संगणकासमोर बसून फ्लाइट सिम्युलेटरमधील एका छोट्या इंजिनाच्या विमानातून करतो, त्याला पुष्कळदा ही रेषा जाणवते. म्हणजे तिच्या आगेमागे कोठेतरी विमान क्षणभर अवकाशात थबकते, इंजिनाचा आवाज चालूच राहतो, चित्र मात्र गोठते, आणि अर्ध्या सेकंदाने सर्व सृष्टी एक हिसका खाऊन पुन्हा चालू लागते. हा हिसका विमानाचा नसतो, हवेचा नसतो, आणि ज्याच्यावर प्रथम संशय घेतला जातो त्या ग्राफिक्स कार्डाचाही बहुधा नसतो. तो दप्तरखान्याचा असतो.

दप्तरखाना हा शब्द मी हेतुपुरस्सर वापरीत आहे. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, ठेवलेले आहेत, आणि रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. अशा दप्तरखान्यात काम करणाऱ्या संशोधकाची गती दोन गोष्टींनी ठरते: त्याची स्वतःची वाचण्याची गती ही एक, आणि मागितलेला रुमाल मेजावर येण्यास लागणारा वेळ ही दुसरी. मेज मोठे असेल तर पाचपन्नास रुमाल जवळच राहतात आणि कारकुनाला हाक मारावी लागत नाही. मेज लहान असेल तर एक रुमाल आणण्यासाठी दुसरा परत पाठवावा लागतो. संगणकातील प्रोसेसर हा तो संशोधक, रॅम हे त्याचे मेज, आणि हार्ड डिस्क हा दप्तरखाना व कारकून अशी दोन्ही. कारकून कितीही चपळ नेमला तरी संशोधकाचे मोडी वाचन त्यामुळे जलद होत नाही, एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली तर या विषयातील निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात.

सिम्युलेटरमध्ये एका सेकंदात जितकी चित्रे पडद्यावर उमटतात, त्या संख्येवर शौकिनांचा सर्व जीव असतो. सेकंदाला ३० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी सुमारे ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० हवी असतील तर १७ सुद्धा पुरे मिळत नाहीत. आणि तेवढ्या मुदतीत पंखांवरील हवेच्या दाबाचे गणित, घड्याळांचे काटे, ढग, सावल्या आणि जमीन ही सर्व कामे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांनी उरकावयाची असतात. या कामाचा डिस्कशी संबंध नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्क काढून नवी, दसपट वेगवान वस्तू बसविली आणि तरीही चित्रांची सरासरी संख्या पूर्वी होती तेवढीच राहिली, अशी जी तक्रार वारंवार ऐकू येते, ती तक्रार खरी असली तरी अपेक्षा चुकीच्या ठिकाणी ठेवल्याचे ते फळ असते.

मग डिस्कमुळे काय होते? ते समजण्यास या परिसराचाच हिशेब मांडून पाहणे बरे. सिम्युलेटरला पृथ्वी अखंड दिसत नाही. महसूल खात्याने मुलखाचे तालुके पाडावेत तसे तिचे चौकोन पाडलेले असतात. एक्स-प्लेन या नामांकित सिम्युलेटरमध्ये हे चौकोन अक्षांश-रेखांशांच्या एकेका अंशाचे असतात. आपल्या अक्षांशावर असा चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे १११ आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०४ किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने साधारण ११,५०० चौरस किलोमीटर भरतो. नवापूर व चिंचपाडा २१ उत्तर व ७३ पूर्व या खुणेच्या चौकोनात येतात, नंदुरबार त्याच्या लगतच्या ७४च्या चौकोनात. एकाच जिल्ह्यातील गावे संगणकाच्या दप्तरी अशी दोन निरनिराळ्या रुमालांत बांधली गेली आहेत, यात अन्याय कोणाचाच नाही. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा काढताना ज्या गोष्टी पाहिल्या गेल्या त्या रेखांशांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आता या ७३च्या चौकोनात डोंगर किती मावतात ते पाहा. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर या अमेरिकन अवकाशयानाने ११ दिवसांच्या सफरीत रडारच्या साहाय्याने पृथ्वीवरील बहुतेक भूभागाची उंची मोजली, आणि त्या मोजणीची फाइल याच चौकोनाच्या नावाने, म्हणजे 'एन २१ ई ०७३' या खुणेने, आजही मिळते. सुमारे ३० मीटरांवर एक याप्रमाणे एका बाजूस ३,६०१ आणि दुसऱ्या बाजूस तितकेच बिंदू, प्रत्येक बिंदूस दोन बाइट. सर्व मिळून २६ मेगाबाइटसुद्धा होत नाहीत. तापीच्या काठची सपाटी, उकाईच्या जलाशयाचे पसरलेले पाणी, रंगावलीचे खोरे आणि दक्षिणेकडील डांगाच्या बाजूचे डोंगर यांचा सर्व चढउतार इतक्या थोड्या जागेत बसतो की कोणतीही डिस्क तो पापणी लवण्याच्या आत आणून देईल.

खर्च येतो तो डोंगराला वस्त्र नेसविण्याचा. जमिनीवर उपग्रहाने अथवा विमानातून घेतलेले खरे छायाचित्र पांघरावयाचे म्हटले आणि एका मीटरास एक ठिपका एवढाच साधा तपशील धरला, तरी एका चौरस किलोमीटरास दहा लाख ठिपके होतात. ते नेहमीच्या पद्धतीने दाबून बसविल्यावर अर्धा मेगाबाइट, म्हणजे आपल्या एका चौकोनास पावणेसहा गिगाबाइट. ठिपका पाव मीटरावर आणला, की ज्या तपशिलात कौलारू घर आणि त्यापुढील अंगण निराळे ओळखू येते, तेथे हाच आकडा सोळापट होऊन ९२ गिगाबाइटांवर जातो. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर २०२० साली निघाला तेव्हा त्याला संगणकावर १५० गिगाबाइट जागा लागत असे आणि युरोपात विकल्या गेलेल्या त्याच्या एका पेटीत दहा डीव्हीडी होत्या, त्या याच वस्त्रांच्या ओझ्यापायी. आणि तरीही त्या दहा तबकड्यांत सगळ्या पृथ्वीचे चित्र नव्हतेच, ते आंतरजालावरून उडता उडता यावयाचे होते. याच सिम्युलेटरच्या वंशाचा मूळपुरुष, ब्रूस आर्टविक यांनी ॲपल-२ या संगणकासाठी लिहिलेला, १९८०च्या आसपास ध्वनिफितीच्या कॅसेटवर मिळत असे, हे आठवले म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत मनुष्याची हौस केवढी वाढली याचा अदमास येतो.

आता विमान सुरू करू. १२० नॉट म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर वेगाने निघालेले छोटे विमान नवापूरहून निघून चिंचपाड्याच्या वरून सहा-सात मिनिटांत त्या ७४व्या रेषेवर पोचते. मार्गाच्या दोन्ही बाजूंची मिळून २० किलोमीटर रुंदीची पट्टी स्पष्ट दिसावी असे धरले, तर दर सेकंदास सव्वा चौरस किलोमीटर नवी जमीन दृष्टीच्या टप्प्यात येते, आणि एक मीटरच्या तपशिलाने तिच्यासाठी डिस्कने सेकंदाला जेमतेम दोन-तृतीयांश मेगाबाइट पुरवावा लागतो. पाव मीटरचा तपशील घेतला तरी दहा मेगाबाइट. हा आकडा मी प्रथम मांडला तेव्हा मला स्वतःला आश्चर्य वाटले होते, कारण सामान्य हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला १०० ते २०० मेगाबाइट देते. मग ती या क्षुल्लक मागणीपुढे गुडघे का टेकते?

उत्तर 'सलग' या शब्दात आहे. हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात, आणि त्यांच्यावरून एका आडव्या दांडीच्या टोकाला असलेले वाचनशीर्ष आतबाहेर सरकत असते. मागितलेली माहिती ज्या वर्तुळावर असेल त्या वर्तुळापर्यंत शीर्षाने जावयाचे, यास सरासरी नऊ मिलिसेकंद. मग ती माहिती फिरत फिरत शीर्षाखाली येईपर्यंत थांबावयाचे, यास ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये सरासरी सव्वाचार मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक हाकेस तेरा मिलिसेकंद, सेकंदाला सुमारे ७५ हाका. एकदा जागेवर पोचल्यानंतर शीर्ष सलग वाचीत राहिले तर तबकडी तिचा पूर्ण वेग देते. परंतु चार-चार किलोबाइटांचे कण इकडून तिकडून वेचावयाचे असतील, तर सेकंदाला १५० मेगाबाइटांचे तेच यंत्र ३०० किलोबाइटांवर येते, म्हणजे पाचशेपट खाली. आणि सिम्युलेटरची मागणी पुष्कळशी वेचणीची असते. जमिनीचे चित्र एका फाइलीत, झाडांची जात दुसऱ्या फाइलीत, रस्ते तिसरीत, घरांचे नमुने शेकडो निरनिराळ्या लहान फाइलींत. शिवाय संगणक जुना असेल तर एकेका फाइलीचे तुकडे तबकडीवर दूरदूर विखुरलेले. त्यातून ही मागणी सहा मिनिटांवर सारखी पसरून येत नाही. चौकोनाची सीमा जवळ आली की ती एकदम येते, जशी तालुक्याच्या कचेरीत मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व अर्ज एकदम रुजू होतात.

या ठिकाणी सिम्युलेटर कसा रचला आहे याला महत्त्व येते. रचनाकाराने पुढचा चौकोन आधीपासून, चित्र काढण्याचे काम न थांबविता, पडद्यामागे आणण्याची तजवीज केलेली असेल, तर संथ डिस्कचा परिणाम एवढाच होतो की नवी जमीन काही वेळ धूसर दिसते आणि मग तिच्यावर तपशील चढत जातो. मायक्रोसॉफ्टच्या २००६च्या सिम्युलेटरात उडणाऱ्यांना ही धूसरता चांगली परिचयाची आहे. परंतु मुख्य काम करणाराच जर एखाद्या कागदासाठी खोळंबला, तर चित्र गोठते. ३३ मिलिसेकंदांच्या मुदतीत तेरा मिलिसेकंदांची एक हाक कदाचित खपून जाईल. पन्नास हाका एकापाठोपाठ आल्या तर अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ विमान नंदुरबारच्या आकाशात खिळून राहील. चित्रांची सरासरी संख्या मोजणाऱ्याला हा हिसका दिसत नाही, कारण तासाभराच्या सरासरीत अर्धा सेकंद बुडून जातो. उडविणाऱ्याला मात्र तेवढाच आठवतो. डिस्कचा गुण वेगात मोजण्यापेक्षा वक्तशीरपणात मोजावा असे माझे मत झाले ते यामुळे.

वैमानिक खरोखर घडविणाऱ्या सिम्युलेटरांत तर ही गोष्ट नियमांतच लिहिलेली असते. आपल्याकडे धुळ्याच्या विमानतळावर, शिरपूरच्या धावपट्टीवर आणि गोंदियाजवळ बिरसी येथे वैमानिकांचे शिक्षण चालते, आणि पुढे मोठ्या प्रवासी विमानावर जाणाऱ्याला सहा पायांवर डोलणाऱ्या पूर्ण आकाराच्या सिम्युलेटरात बसावे लागते. अशा यंत्रात वैमानिकाने दांडा हलविल्यापासून समोरच्या दृश्यात फरक पडेपर्यंत जो विलंब होतो, त्यास वरच्या प्रतीच्या यंत्रांसाठी दीर्घकाळ १५० मिलिसेकंदांची मर्यादा होती. फिरत्या तबकडीच्या हिशेबाने ही बारा हाकांचीही मुदत नाही. म्हणून ऐन वेळी डिस्ककडे धाव घ्यावी लागू नये अशीच त्या यंत्रांची व्यवस्था असते, आणि सरावाच्या विमानतळाचे सर्व दृश्य आधीच स्मृतीत भरून ठेवतात. घरच्या सिम्युलेटरने सगळी पृथ्वी दाखविण्याचे व्रत घेतल्यामुळे त्याला ही चैन परवडत नाही.

या तबकडीविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला जड वाटते. वाचनशीर्ष तबकडीला टेकत नाही. ते तिच्यावर उडते, आणि हे अलंकारिक बोलणे नव्हे. साडेतीन इंची, ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कची बाहेरची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने फिरते, त्या वेगाने ओढली गेलेली हवा शीर्षाच्या खाली घुसते, आणि शीर्षाचा विशिष्ट आकारात कोरलेला तळ त्या हवेच्या दाबावर तरंगत राहतो. उंची किती, तर काही नॅनोमीटर; माणसाचा केस साठ-सत्तर हजार नॅनोमीटर जाड असतो. शीर्ष तबकडीवर आपटले तर त्या घटनेला कारागिरांच्या भाषेतही 'क्रॅश'च म्हणतात. हवा विरळ झाली की ही तरंगण्याची शक्ती कमी होते, म्हणून साध्या हार्ड डिस्कच्या कागदावर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरपर्यंतच वापरावी अशी अट असते; साताऱ्यापासून सातपुड्यातील तोरणमाळपर्यंत आपल्याकडे तिची चिंता नाही, लडाखच्या खिंडीत आहे. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क बाजारात आणली, तीत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाच्या वर, साठवण जेमतेम ५० लाख अक्षरांची, आणि तिला एका हाकेस अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागे. तेव्हापासून साठवण लाखो पटींनी वाढली, हाकेचा वेळ मात्र पन्नासपटही सुधारला नाही. कारण दांडी हलावयाची ती हलावीच लागते आणि तबकडी फिरावयाची ती फिरावीच लागते.

तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर जी एसएसडी उभी आहे, तिच्यात हलणारे काहीच नाही. तिची हाक मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात किंवा त्याहून कमी वेळात पुरी होते, म्हणजे शंभरपटींहून अधिक जलद. आणि ती एकाच वेळी अनेक हाकांना ओ देते. सुरत–भुसावळ हा मार्ग शतकाहून अधिक काळ एकेरी होता व अलीकडेच दुहेरी झाला. समोरून येणाऱ्या गाडीसाठी लहान स्थानकांवर उभे राहण्याचा कंटाळा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हा फरक अधिक सांगावयास नको. साध्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट देते, एनव्हीएमई जातीची साडेतीन हजार ते सात हजार. हे मोठे आकडे विक्रेता मोठ्या अक्षरांत छापतो, आणि येथे गिऱ्हाइकाने थोडा थंडपणा ठेवावा. हार्ड डिस्कवरून साध्या एसएसडीवर आले की सिम्युलेटर उघडण्याचा वेळ ठळकपणे घटतो आणि सीमेवरचे हिसके पुष्कळ विरतात. साध्या एसएसडीवरून अतिवेगवान एसएसडीवर गेल्यास मात्र फरक घड्याळ लावूनच शोधावा लागतो, कारण आता विलंब कारकुनाचा राहिलेला नसतो, दाबलेल्या फाइली उलगडून मांडणाऱ्या संशोधकाचा असतो.

वाचकाला याची पडताळणी घरी करता येते. नवापूर ते नंदुरबार एकदा उडावे, हिसके कोठे बसले ते टिपून ठेवावे, आणि संगणक बंद न करता लगेच तोच मार्ग पुन्हा उडावा. दुसऱ्या खेपेस हिसके नाहीसे झाले तर दोष डिस्कचा, कारण पहिल्या खेपेचे कागद अजून मेजावर, म्हणजे रॅममध्ये, पडलेले आहेत. दुसऱ्या खेपेसही ते त्याच जागी बसले तर प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे पाहावे. आणि दुसऱ्या खेपेस ते वाढले तर बहुधा मेजच लहान आहे. रॅम अपुरी पडल्यामुळे संगणक आपले कामाचे कागदही दप्तरखान्यात नेऊन ठेवीत व परत आणीत आहे, आणि अशा वेळी नवी डिस्क घेणे म्हणजे मेज अपुरे असताना कारकुनाचा पगार वाढविणे होय.

चिंचपाड्यासारख्या गावी बसून उडणाऱ्याला डिस्कची आणखी एक बाजू विचारात घ्यावी लागते, जिचा शहरातल्या माणसाला विसर पडतो. २०२०च्या सिम्युलेटरने आंतरजालाचा वेग किमान सेकंदाला ५ मेगाबिट, आदर्श म्हणून ५० मेगाबिट मागितला. २०२४ सालच्या त्याच्या पुढच्या आवृत्तीने घरची जागा ५० गिगाबाइटांवर आणली ती बहुतांश सृष्टी दूरच्या सर्व्हरवर ठेवून. ५ मेगाबिट म्हणजे सेकंदाला सहाशे-सव्वासहाशे किलोबाइट. आपण वर मांडलेल्या छोट्या विमानाच्या किमान मागणीला जेमतेम पुरे पडावे इतके, आणि तेही मोबाइलच्या मनोऱ्यावर सायंकाळी सर्व गाव जमले नसेल तेव्हा. जेथे दप्तरखाना घरात नाही आणि रस्ता अरुंद आहे, तेथे कारकून कितीही चपळ असून उपयोग नाही. म्हणून सिम्युलेटरने स्वतःच्या डिस्कवर राखून ठेवलेली साठवण, जिला रोलिंग कॅश म्हणतात आणि जी सुरुवातीस अवघी ८ गिगाबाइट ठरवून दिलेली असे, ती अशा ठिकाणी वाढवून घ्यावी. ५० गिगाबाइट दिले तर एक मीटर तपशिलाचे सात-आठ चौकोन, म्हणजे इकडे सुरतेचा किनारा, तिकडे धुळे-जळगाव आणि उत्तरेस सातपुडा ओलांडून नर्मदेचे खोरे, एकदा उडून आल्यावर घरच्या घरी राहतात. डिस्क येथे जाळ्याची उणीव भरून काढते, आणि माझ्या मते ग्रामीण भागातील शौकिनाने एसएसडीवर जे पैसे घालावयाचे ते वेगापेक्षा या कामासाठी घालावेत. जुनी हार्ड डिस्कही टाकून देऊ नये. उतरवून ठेवलेल्या छायाचित्रांच्या मोठ्या गठड्यांसाठी, ज्या सलग वाचल्या जातात, ती अजून पुष्कळ दिवस कामास येते.

आणि वीज गेली तर? फिरत्या डिस्कमध्ये त्यासाठी एक सुंदर योजना आहे. पुरवठा तुटताच तबकडीच्या उरलेल्या फिरण्यातूनच मोटर उलट जनित्राचे काम करते, आणि त्या थोड्या विजेवर शीर्ष तबकडी मंदावण्याच्या आत बाजूच्या उतारावर जाऊन सुरक्षित टेकते. सिम्युलेटरमधील विमानाला अशी सोय नाही. दिवे परत आल्यावर ते नवापूरच्या लोहमार्गाशेजारी, निघाले होते तेथेच उभे असते, आणि ७३च्या चौकोनाच्या फाइली पुन्हा पहिल्यापासून उघडाव्या लागतात.